ख्रिस्ती कोण, हे कोण ठरवणार?

मागच्या बैठकीत एका सभासदांनी विचारलेल्या प्रश्नावरून हा निबंध सुचला. संस्थानकाळातल्या शाळा आणि दवाखान्यांवर बोलणं चाललं होतं. मध्येच ते म्हणाले, "पण आपल्या उज्जैनमधले ख्रिस्ती म्हणजे नेमके कोण हो?" लगेच तीन उत्तरं आली. एक म्हणाले, मिशनवाले. दुसरे म्हणाले, केरळचे लोक. तिसरे म्हणाले, धर्म बदललेले. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं होतं. घरी जाताना लक्षात आलं की उत्तर देणाऱ्यांत ख्रिस्ती मात्र एकही नव्हता.

हा योगायोग नाही. ख्रिस्ती कोण, या वादाचे जुने कागद वाचायला लागलं की हेच पुन्हा पुन्हा दिसतं. बाप बोलतो, शास्त्री बोलतात, मिशनरी बोलतो, न्यायाधीश बोलतात, सरकार बोलतं. ज्याच्याबद्दल वाद आहे त्याला मात्र सगळ्यात शेवटी विचारतात, कधी कधी विचारतच नाहीत. मराठी मुलखातली काही प्रकरणं आणि मग आपल्या उज्जैनची गोष्ट, अशा क्रमाने हे मांडतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. 'ख्रिस्ती' हे नावच मुळात दुसऱ्यांनी दिलेलं असावं असं अभ्यासक मानतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत असं आहे की शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात मिळालं. आणि त्या मंडळींमधला पहिला मोठा वाद कशावरून झाला? सुंता आणि खाणं-पिणं. यहुदी नसलेल्या माणसाने येशूला मानलं, तर त्याने यहुद्यांचे नियम पाळायचे का? त्यासाठी इ.स. ५० च्या सुमारास यरुशलेमेत सभा भरली. म्हणजे माणूस कोणाचा हे ताटावरून ठरवायची खोड फक्त आपल्याकडची नाही.

गोव्यात तर चर्चनेच ताट तपासलं. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झालं. १७३६ च्या फर्मानात नव्या ख्रिस्त्यांनी काय करू नये याची लांबलचक यादी होती. त्यात धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, दारात तुळस ठेवू नये, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये असंही होतं. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या उलटल्या होत्या, तरी हे लोक पक्के ख्रिस्ती आहेत की नाहीत ते चुलीपाशी ठरत होतं.

मुंबई, १८४३ : श्रीपत शेषाद्री

आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण मुंबईचं. नारायण शेषाद्री हा देशस्थ ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होता. सप्टेंबर १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होता. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अर्ज केला (हायकोर्ट यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती). कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. मुलगा राजी नव्हता, पण तो अज्ञान आहे, त्याचं मत धरता येत नाही, असा निकाल.

मुलगा घरी आला आणि खरा घोळ तिथून सुरू झाला. तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला, त्यांच्या पंक्तीला जेवला. मग तो ब्राह्मण उरला का? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, लहान पोर आहे, प्रायश्चित्त देऊन परत घ्या. सनातनी मंडळींनी ते साफ नाकारलं. मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. श्रीपतला जवळ करणाऱ्यांवरही बहिष्काराची टांगती तलवार आली आणि खुद्द जांभेकरांना त्याचा त्रास सोसावा लागला.

आता नीट पाहा. चर्चच्या हिशेबाने श्रीपत ख्रिस्ती नव्हता, कारण डोक्यावर पाणी पडलं नव्हतं. सनातन्यांच्या हिशेबाने तो हिंदू नव्हता, कारण ताट बाटलं होतं. कोर्टाच्या हिशेबाने तो नुसता बापाचा मुलगा होता. तीन मोजमापं लावली आणि तिन्हींतून तो पोरगा बाहेरच राहिला. पाणी, ताट आणि वय, ही तीन मापं लक्षात ठेवू या. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत चौथं फक्त एकच आलं, ते म्हणजे सरकारी कागद.

थोरला भाऊ नारायण पुढे पाद्री झाला. जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं आणि तिथे मुख्यतः मांग समाजात काम केलं. जात सोडलेला ब्राह्मण आणि गावकुसाबाहेरचे मांग एका चर्चमध्ये बसू लागले. ही गोष्ट शेवटाकडे पुन्हा लागणार आहे.

पंडिता रमाबाई : दोन्हीकडून उलटतपासणी

श्रीपत लहान होता म्हणून त्याचं ऐकलं नाही, असं एकवेळ म्हणता येईल. पण पंडिता रमाबाई? संस्कृत शास्त्रांत पारंगत, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवलेल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लेक मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला तो आपल्याला माहीत आहे. तिकडे काय झालं ते कमी लोकांना माहीत असतं.

बाप्तिस्मा झाला तरी त्या 'बरोबर' ख्रिस्ती आहेत असं त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटेना. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नसत. सिस्टरांना त्यात जातीचा ताठा दिसला, रमाबाईंच्या मते तो त्यांच्या मनाचा आणि सवयीचा प्रश्न होता. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं त्या विचारत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचा सिद्धांत त्यांना सहज पटत नव्हता. इ.स. ३२५ मध्ये निकाईया इथल्या बिशपांच्या परिषदेने ज्यावर मोहोर उठवली, तोच मुद्दा ही ब्राह्मण बाई पुन्हा उकरून काढत होती. आपण ख्रिस्ताच्या चर्चमध्ये आलो आहोत, एखाद्या पंथाच्या ताब्यात गेलेलो नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावरही हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९३ मध्ये, विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून 'केसरी'तून टीका झाली. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले. तिकडे त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, इकडे फार जास्त ख्रिस्ती होत्या. पत्रव्यवहार वाचला की जाणवतं, दोन्हीकडची सभ्य माणसं त्यांच्याशी एखाद्या हट्टी मुलीशी बोलावं तसं बोलतायत.

टिळक पतिपत्नी

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना न विचारता. त्यांचं पुढे काय झालं ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बरीच वर्षं ताटातूट, मग नवऱ्याकडे येऊनही वेगळी चूल, आणि मग हळूहळू एकेक बंधन गळून पडणं. सुमारे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको झालीच, असं लोक धरून चालले होते. लक्ष्मीबाईंनी मात्र आपला वेळ घेतला. आधी त्यांचं ताट बदललं, मग मन बदललं, पाणी सगळ्यात शेवटी. बाकी सगळीकडे क्रम उलटा लिहिलेला सापडतो.

टिळक स्वतः पुढे एक पाऊल सरकले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे ज्या पाण्यावरून एवढं रामायण झालं, त्या पाण्याची अट एका पाद्र्यानेच बाजूला ठेवली. १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फार चालला नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाने 'आम्ही कोण' याचं उत्तर स्वतः दिल्याचं ते एक ठळक उदाहरण आहे.

छप्पनचा दुष्काळ

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. माळव्यात जुनी माणसं अजून 'छप्पन का काल' म्हणतात. तो विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा दुष्काळ. आईबाप मेलेली, टाकून दिलेली पोरं मिशनच्या अनाथाश्रमांत आली आणि ख्रिस्ती म्हणून वाढली. मिशनऱ्यांनी जीव वाचवले, यात शंका नाही. पण त्या पोरांचा धर्म कोणी ठरवला? श्रीपतच्या वेळी कोर्टात जायला बाप होता. इथे बापही नव्हता. भुकेच्या वेळी दिलेल्या भाकरीबरोबर जो धर्म आला तो माणसाने निवडला असं म्हणायचं का, हा प्रश्न विचारणारे सगळे द्वेषाने विचारत होते असं नाही. पुढे जे कायदे आले त्यांची मुळं अशा शंकांतही आहेत.

उज्जैनचे दोन थर

आता आपल्या गावाकडे येऊ. इथल्या ख्रिस्ती समाजाचे दोन मोठे थर आहेत.

पहिला कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचा. १८७७ मध्ये ही मंडळी इंदूर-महूला आली आणि मग नीमच, रतलाम, उज्जैन अशी पसरली. आपलं गाव तेव्हा शिंद्यांच्या राज्यात. या कामातून उभा राहिलेला समाज मुख्यतः हिंदी बोलणारा आणि इथल्याच मातीतला आहे. १९२४ मध्ये हे चर्च युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेलं आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्या एकीकरणातली एक अवघड गाठ होती बाप्तिस्म्याची. तान्ह्या मुलाला द्यायचा, की मोठं होऊन त्याने स्वतः कबूल केल्यावर? शेवटी दोन्ही रीती मान्य केल्या. 'मूल ख्रिस्ती असू शकतं का' हा श्रीपतच्या वेळचा प्रश्न चर्चच्या आतही किती वर्षं भिजत पडला होता, ते यातून कळतं.

दुसरा थर केरळच्या सिरो-मलबार कॅथॉलिकांचा. देवास रोडच्या बाजूला ज्यांच्या संस्था आपण रोज बघतो ते हे. यांची परंपरा सांगते की इ.स. ५२ मध्ये प्रेषित थॉमस केरळात आले. म्हणजे हे 'धर्म बदललेले' या व्याख्येत धड बसत नाहीत. पण यांचंही ख्रिस्तीपण तपासलं गेलंच, आणि तेही ख्रिस्त्यांकडूनच. १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या सभेत पोर्तुगीज आर्चबिशपने त्यांच्या सिरियाक रीती पाखंडी ठरवून बदलायला लावल्या. त्यांची पुस्तकं जाळली गेली. १६५३ मध्ये मट्टनचेरीला त्यांनी क्रुसाला दोर बांधून त्याविरुद्ध शपथ घेतली आणि समाज फुटला. रोमने त्यांना स्वतःची बिशप-व्यवस्था दिली ती १९२३ मध्ये, आणि तीही फक्त केरळात. केरळबाहेर मिशन म्हणजे लॅटिन रीतीचंच, असा दंडक होता. तो पहिल्यांदा मोडला १९६२ मध्ये, आपल्या चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला. त्यानंतर २९ जुलै १९६८ रोजी उज्जैनला त्यांचं वेगळं धर्मक्षेत्र झालं. २६ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पहिले बिशप जॉन पेरुमट्टम.

तेव्हा 'केरळवाले' हे उत्तर अर्धंच आहे. उज्जैन हे त्या लोकांसाठी नुसतं नोकरीचं ठिकाण नाही. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ जे भांडण चाललं, आमच्या रीतीनेही ख्रिस्ती राहता येतं हे भांडण, त्यातलं एक जिंकलेलं गाव आहे.

१९६८ आणि सरकारी कागद

ज्या १९६८ साली हे धर्मक्षेत्र झालं, त्याच साली भोपाळला 'मध्यप्रदेश धर्म स्वातंत्र्य अधिनियम' झाला. त्याची पार्श्वभूमी १९५४ ची. तेव्हा मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नेमली गेली. उज्जैन तेव्हा मध्यभारत राज्यात होतं आणि तिथेही रेगे समिती बसली. दोन्ही अहवाल १९५६ मध्ये आले.

१९६८ च्या कायद्याने बळजोरी, आमिष किंवा फसवणुकीने धर्मांतर करणं गुन्हा ठरवला आणि धर्मांतराची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणं बंधनकारक केलं. साधी शिक्षा एक वर्षापर्यंत. पण धर्मांतर केलेली व्यक्ती अज्ञान मूल, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांपर्यंत. ही यादी वाचताना मी थांबलो. श्रीपत, रमाबाई आणि लक्ष्मीबाई, नारायण शेषाद्रींच्या बेथेलचे मांग. शंभर वर्षं ज्यांचा शब्द कोणी धरला नाही, तीच माणसं एका कलमात ओळीने बसवली होती. कायदा म्हणतो की हे संरक्षण आहे. भुकेचा आणि दडपणाचा इतिहास पाहता त्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. पण संरक्षण देता देता, यांना स्वतःचं कळत नाही, असंही तो म्हणून जातो.

रायपूरकडच्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांनी या कायद्याला आव्हान दिलं. १७ जानेवारी १९७७ रोजी सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं कोर्ट म्हणालं. उज्जैनच्या धर्मप्रांताची घोषणा त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने झाली.

२०२१ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी नवा आला. शिक्षा वाढल्या, ती यादी तशीच राहिली. त्यात आणखी एक तरतूद आहे. माणूस जन्मला तेव्हा बापाचा जो धर्म होता, त्यात परत जाणं हे धर्मांतर मानलं जाणार नाही. १८४३ मध्ये मुंबईच्या कोर्टाने मुलाचा हात बापाच्या हातात दिला होता. कायद्याची भाषा बदलली, बाप अजून तिथेच आहे.

कागदाचा दुसरा फटका दलित ख्रिस्त्यांना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना मिळतो. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. म्हणजे चर्चमध्ये नाव घातलं की कागदावरची जात जाते, मग गल्लीत ती तशीच असली तरी. जो परत हिंदू झाला त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये अटी सांगितल्या. मूळ जातीचा पुरावा हवा, परतल्याचा पुरावा हवा, आणि तिसरी अट, त्या समाजाने त्याला स्वीकारलेलं हवं. जांभेकरांना श्रीपतसाठी हीच तिसरी अट पुरी करता करता नाकी नऊ आले होते.

मग उत्तर काय?

त्या बैठकीतल्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर माझ्याकडे नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्यप्रदेशात ख्रिस्ती अवघे ०.३ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा समाजात एक कॅनडा मिशनच्या वंशाचा, एक थॉमसच्या परंपरेचा, एक कालपरवा प्रार्थनेला जाऊ लागलेला, एक जो जातो पण कागदावर लिहीत नाही. पाणी लावलं तर एक आकडा येईल, ताट लावलं तर दुसरा, कागद लावला तर तिसरा.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला एक करता येईल. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवतात. त्यात साधारणपणे तारीख, नाव, वय आणि आईबापांची नावं असतात. लग्नाच्या आणि दफनाच्या वह्याही असतात. गावातल्या दोन्ही थरांतल्या वडीलधाऱ्यांना भेटून, परवानगी घेऊन या वह्या बघता आल्या तर बघू. आणि पुढच्या बैठकीला त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलवू. व्याख्यानाला नको, नुसतं तो प्रश्न पुन्हा विचारायला. आपली तीन उत्तरं झाली आहेत. चौथं त्यांच्या तोंडून ऐकू.